डिझेल की विजेची फोर्कलिफ्ट : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४

आमच्या कारखान्यात टेरी टॉवेल आणि नॅपकिन तयार होतात. सूत गोदाम, माग, रंगाई, शिलाई आणि पॅकिंग ही सगळी कामे एकाच आवारात चालतात आणि या विभागांमधील मालाची ने-आण तीन टनांची एक डिझेल फोर्कलिफ्ट गेली चौदा वर्षे करीत आहे. गेल्या महिन्यात हॉटेलांसाठी पाठविलेल्या पांढऱ्या टॉवेलांच्या ४६ पेट्या परत आल्या. वरच्या थरातील घड्यांच्या कडांवर करडी झाक होती आणि पेटी उघडताच डिझेलचा वास येत होता. ते टॉवेल पुन्हा धुऊन, वाळवून नव्या पेट्यांत भरण्यास ₹३१,००० लागले. परतीची वाहतूक वेगळी. शेठनी सांगितले की पाडव्याला नवी गाडी दारात उभी राहिली पाहिजे, कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवा. पाडवा ९ एप्रिलला आहे, म्हणजे हातात पाच आठवडे आहेत.

झाक खरोखर धुराचीच आहे की रंगाईतून येते, याबद्दल आमच्यात एकमत नव्हते. म्हणून आज एक न वापरलेला पांढरा नॅपकिन पॅकिंग हॉलच्या मधल्या खांबावर डोक्याच्या उंचीला, कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याने लावून ठेवला.

१२ मार्च

आठ दिवसांनी नॅपकिन काढला. चिमट्याखालची दोन बोटे रुंदीची पट्टी पांढरी होती आणि बाकीचे कापड चुलीजवळ टांगल्यासारखे दिसत होते. बोटाने चोळले की काजळी पसरते, झटकून जात नाही. वाद तिथेच मिटला.

डिझेल इंजिनाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. या हॉलमध्ये तीसेक महिला रोज आठ तास घड्या घालतात आणि त्याच हवेत श्वास घेतात. टॉवेल परत येईपर्यंत आम्हाला त्याची आठवण झाली नव्हती, हेही इथे लिहून ठेवणे भाग आहे. एलपीजीवर चालणाऱ्या गाडीचा विचार दोन दिवस केला आणि सोडला, कारण बंद हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न उरतोच, शिवाय सिलिंडर ठेवण्यासाठी कापडापासून दूर वेगळी जागा करावी लागते.

१८ मार्च

पहिली मोठी चूक माझी. ५ मार्चला तीन विक्रेत्यांना चौकशी पाठविताना मी गाडीचा वापर दिवसाला नऊ तास असा कळविला होता, कारण अवर मीटर दोन पाळ्यांत मिळून नऊ तास पुढे सरकतो. त्या हिशोबाने दोघांनी दोन-दोन बॅटऱ्या, त्या बदलण्यासाठी क्रेन आणि बॅटरीची स्वतंत्र खोली असे प्रस्ताव पाठविले आणि विजेच्या गाडीचा आकडा पाहूनच शेठ हसले.

आमचे ऑपरेटर अण्णा यांना मी सहज विचारले की गाडी उभी असतानाही इंजिन चालू का असते. ते म्हणाले, “साहेब, सेल्फ लई वीक झालाय, एकदा बंद केली की परत लागत न्हाई. मग ढकलायला कोन येतंय?” अवर मीटर इंजिन चालू असल्याचा वेळ मोजतो, गाडी काम करीत असल्याचा नव्हे, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मग ११ ते १६ मार्च असे सहा दिवस स्टोअरमधील एक मुलगा वही आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच घेऊन गाडीमागे फिरला. प्रत्यक्ष चालण्याचा आणि उचलण्याचा वेळ दिवसाला सरासरी ४ तास २० मिनिटे भरला. त्यातील तीन तास छपराखाली जातात आणि १ तास २० मिनिटे मागच्या अंगणात, म्हणजे ट्रकमधून सूत उतरविणे आणि बॉयलरचे जळण हलविणे यात. टाकी भरून ते टाकी भरेपर्यंत मोजले असता दिवसाला १८.५ लिटर डिझेल लागते. यातील जवळजवळ एक तृतीयांश डिझेल गाडी नुसती उभी राहून पिते.

याच आठवड्यात, १५ मार्चपासून डिझेल लिटरमागे ₹२ नी स्वस्त झाले. आमच्या वापरावर हा फरक वर्षाला ₹११,००० च्या आसपास येतो. त्यावरून निर्णय बदलण्याचे कारण नव्हते, तरी दोन दिवस ऑफिसात चर्चा त्याचीच चालली. नवी चौकशी आज पाठविली. तेरा दिवस वाया गेले.

२३ मार्च

नवी गाडी अडीच टनांची पुरेल की तीनच टनांची हवी, हा प्रश्न आज सुटला. सुताचे पॅलेट, म्हणजे फळ्यांच्या चौकटीवर रचलेला माल, जास्तीत जास्त एक टनाचे असते. सर्वांत जड वस्तू म्हणजे रंगाईसाठी येणाऱ्या मिठाची थप्पी, ५० किलोची ४० पोती, म्हणजे दोन टन. अडीच टनांच्या गाडीला दोन टन जड जाऊ नयेत असे वाटते, परंतु पाटीवरील अडीच टन हा आकडा लोड सेंटर ५०० मिमी असतानाचा आहे, म्हणजे मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या पात्यांच्या) उभ्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर असताना.

आम्ही पाहत असलेल्या गाडीत पुढच्या चाकाच्या मध्यापासून फोर्कच्या तोंडापर्यंत ४८० मिमी अंतर आहे. म्हणजे चाकापासून ४८० अधिक ५००, अशा ९८० मिमीवर २,५०० किलो तोलले जातात, तर १,२०० मिमी खोलीच्या आमच्या पॅलेटवर लोड सेंटर ६०० होते आणि क्षमता साधारण २,२७० किलोवर येते. इथवर ठीक आहे. परंतु रंगाई विभागात पॅलेट भिंतीला टेकवून ठेवण्याची सवय असल्याने फोर्क पूर्ण आत जात नाहीत, दीडेकशे मिमी बाहेर राहतात. मी स्वतः टेप लावून पाहिले. तेव्हा लोड सेंटर ७५० होते आणि क्षमता २,००० च्या किंचित खाली उतरते. साइड शिफ्टर, म्हणजे फोर्क डावी-उजवीकडे सरकविणारा जोड, बसविला की ती आणखी कमी होणार. आजवर जुनी गाडी तीन टनांची असल्यामुळे हे खपून गेले.

एका मिठाच्या थप्पीसाठी मोठी गाडी घेण्यापेक्षा थप्पी ३० पोत्यांची करायची असे ठरविले. रंगाईच्या पर्यवेक्षकांना फेऱ्या वाढतील म्हणून ते पटलेले नाही. रोज एक फेरी वाढते.

३० मार्च

नवे दर आले. जीएसटी सोडून डिझेल ₹१०.४० लाख, लेड-ॲसिड बॅटरीची विजेची गाडी ₹१२.१० लाख आणि लिथियम बॅटरीची ₹१५.२५ लाख. तिन्ही अडीच टनांच्या, चार चाकी, घन टायरच्या. मास्टची (फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या खांबाची) मिटलेली उंची २.२० मीटरपेक्षा कमी असावी ही अट मी घातली होती, कारण पॅकिंग हॉलचे शटर २.३० मीटरचे आहे. कंटेनरच्या आत गाडी नेण्याची आम्हाला गरज पडत नाही. पेट्या हमाल हाताने रचतात आणि गाडी पॅलेट फक्त कंटेनरच्या तोंडापर्यंत उचलून धरते.

३ एप्रिल

आज लेड-ॲसिडवर चालणारी डेमो गाडी आली आणि फजिती झाली.

अंगणातून पॅकिंग हॉलकडे जाण्यासाठी एक रॅम्प आहे. तो ५.४ मीटर लांब असून ७२ सेमी चढतो, म्हणजे चढ १३.३ टक्के. विक्रेत्याच्या पत्रकात मालासह १५ टक्के चढाची क्षमता लिहिली होती, म्हणून मी निश्चिंत होतो. एक टनाचे पॅलेट घेऊन गाडी रॅम्पवर आली, मोटरने तक्रार केली नाही, पुढची चाके वरच्या सपाटीवर पोचली आणि त्याच क्षणी लोखंड काँक्रीटवर घासल्याचा आवाज होऊन गाडी पोटावर टेकली. पुढची चाके हॉलमध्ये, मागची रॅम्पवर आणि मधला भाग रॅम्पच्या काठावर. मी चढ मोजला होता, वरचा काठ पाहिला नव्हता. आमच्या जुन्या डिझेल गाडीचे टायर मोठे आहेत आणि पोट उंच आहे, त्यामुळे चौदा वर्षांत हा काठ कोणाच्या डोळ्यांत आला नाही. या गाडीचे पोट मात्र जमिनीच्या बरेच जवळ आहे.

माल हाताने उतरवून, लाकडी फळ्या घालून गाडी मागे घेण्यास दोन तास गेले. खालचा पत्रा वाकला, त्याच्या दुरुस्तीचे ₹६,५०० आम्हीच दिले. विक्रेत्याच्या माणसाने आधी रॅम्प पाहायला हवा होता असे मला वाटते, पण पत्ता देऊन बोलावले आम्ही होते.

गवंड्याला बोलावून रॅम्प ७.२ मीटर लांबीचा, म्हणजे १० टक्क्यांचा करण्यास सांगितले आणि वरचा काठ मोडून तिथे गोलाई द्यायला लावली. खर्च ₹३८,०००. पाणी मारून काँक्रीट मुरेपर्यंत रॅम्प बंद राहील आणि तोवर मागच्या दाराने हँड पॅलेटवर माल ओढावा लागेल.

९ एप्रिल

पाडवा. गाडी नाही, रॅम्प ओला आहे. शेठनी जुन्याच गाडीला हार घातला आणि माझ्याकडे पाहिले नाही.

१८ एप्रिल

विजेची गाडी घ्यायची एवढे आता नक्की झाले. लेड-ॲसिड की लिथियम हे ठरवायचे आहे. दोन्हींच्या किमतीत ₹३.१५ लाखांचा फरक आहे आणि तो लहान नाही, म्हणून घाई केली नाही.

लेड-ॲसिडच्या विरुद्ध पहिला साक्षीदार आमच्याच गोदामात उभा आहे. तिथल्या छोट्या स्टॅकरची (माल उचलून रचण्याच्या विजेच्या यंत्राची) बॅटरी सव्वादोन वर्षांत गेली. तिच्यात पाणी चार्जिंगनंतर घालायचे असते. आमच्याकडे रात्रपाळीचा माणूस चार्जिंगला लावण्याआधी भरून ठेवत असे. चार्ज होताना पाणी वर चढून ॲसिडसह बाहेर सांडायचे, खालचा ट्रे त्यामुळे कुजला आणि दर वेळी ॲसिड पातळ होत गेले. एका उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर संपल्यावर कोणीतरी बोअरचे पाणी घातले, असेही नंतर कळले. सोलापुरातील बोअरच्या पाण्याने घरातील नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात, मग प्लेटांचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. ज्या जागी माणसे बदलत राहतात तिथे रोजची काळजी मागणारी वस्तू टिकत नाही, हा आमचा अनुभव आहे.

दुसरी अडचण जागेची. या गाडीची ४८ व्होल्ट, ६०० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे एक टनाची असते. ती आठ तास चार्ज करायची आणि नंतर थंड होऊ द्यायची असा शिरस्ता आहे. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. आमच्या आवारात मोकळी खोली एकच आहे आणि ती शिलाई विभागाला लागून आहे, जिथे हवेत दिवसभर तूस उडत असते. तिथे ही बॅटरी चार्ज करण्यास माझे मन तयार होत नाही.

तिसरी गोष्ट उन्हाची. आज दुपारी साडेतीन वाजता त्या खोलीत पत्र्याखाली पारा ४४ अंशांवर होता. तापमान दर दहा अंशांनी वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या धंद्यातील ठोकताळा आहे. तो अर्धाच खरा धरला तरी आमच्याकडे एप्रिल आणि मे बॅटरी खाणार.

२४ एप्रिल

लिथियम गाडी २० तारखेपासून पाच दिवस चाचणीला आणली. आणण्या-नेण्याचे ₹९,००० गेले. बॅटरी ५१.२ व्होल्ट, ४०० अँपिअर-तासांची, म्हणजे साडेवीस युनिटांची. या पाच दिवसांत डिझेल गाडी मुद्दाम बंद ठेवून सगळे काम हिच्याकडून करून घेतले आणि चार्जरच्या लाइनवर वेगळा मीटर बसविला. सरासरी दिवसाला २२ युनिट लागले. नव्या रॅम्पवर पोट टेकले नाही.

सगळे काम तिने केले असे मात्र नाही. मागचे अंगण काळ्या मातीवर मुरूम टाकून केलेले आहे. २२ तारखेला टँकर लीक होऊन बॉयलरपाशी चिखल झाला, तेव्हा तिचे छोटे टायर तिथे रुतले आणि जुन्या डिझेल गाडीला साखळी लावून तिला बाहेर काढावे लागले. अण्णांना त्या दिवशी झालेला आनंद लपत नव्हता.

सगळे काम एका चार्जिंगवर भागत नाही म्हणून जेवणाच्या सुटीत, एक ते दोन, चार्जर लावत होतो. पहिल्या दोन दिवशी तासाला बॅटरी पंचवीस-सव्वीस टक्के भरली. तिसऱ्या दिवशी दहाच टक्के भरली. चार्जर बिघडला असे समजून पुण्याहून माणूस बोलावला; त्यात एक दिवस गेला. त्याने गाडीच्या पडद्यावर बॅटरीचे तापमान दाखविले : ५२ अंश. चार्जर आम्ही पश्चिमेच्या भिंतीवर बसविला होता आणि गाडी चार्जिंगसाठी जिथे उभी राहते तिथला पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. बॅटरीतील नियंत्रक तापमान वाढले की स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतो. बिघाड कशातच नव्हता. जागा चुकली होती. चार्जर उत्तरेच्या भिंतीकडे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत हलविला. शेवटच्या दिवशी तिथे तापमान ४३ च्या वर गेले नाही आणि वेग पूर्ववत राहिला.

२ मे

आज शेठसमोर हिशोब मांडला. विक्रेत्याने दिलेल्या तक्त्यात बचत वर्षाला ₹४.४५ लाख दाखविली होती. तो तक्ता खोटा नाही, पण त्यात आमच्या म्हाताऱ्या गाडीचे १८.५ लिटर धरले आहेत. नवी डिझेल गाडी घेतली असती तर तिचा सेल्फ चांगला असता, अण्णांनी ती बंद केली असती आणि कामाच्या तासाला तीन लिटर धरून १३ लिटरमध्ये भागले असते. जुन्या गाडीचे पाप नव्या डिझेल गाडीच्या खात्यावर लिहिणे मला योग्य वाटत नाही.

लिटरला ₹९१ प्रमाणे १३ लिटरचे ₹१,१८३ होतात. सगळे आकार धरून आम्हाला वीज युनिटला ₹९ पडते, म्हणजे २२ युनिटांचे ₹१९८. फरक दिवसाला ₹९८५, तीनशे दिवसांचा ₹२.९५ लाख. नवी डिझेल आणि लिथियम या दोन गाड्यांच्या किमतीतील ₹४.८५ लाखांचा फरक वीस महिन्यांत वसूल होतो. इथे थांबलो असतो तर शेठ खूश झाले असते.

परंतु अंगणातील काम विजेच्या गाडीने होणार नाही हे आम्ही पाहिले आहे. अंगण काँक्रीटचे करण्याचा अंदाज ₹११ लाख आला, तो विषय तिथेच संपला. म्हणजे जुनी डिझेल गाडी अंगणापुरती राहणार आणि नवी गाडी आतले तीनच तास चालणार. तीन तासांसाठी ९ लिटर विरुद्ध १५ युनिट, म्हणजे ₹८१९ विरुद्ध ₹१३५. बचत वर्षाला ₹२.०५ लाख. किमतीच्या फरकात रॅम्पचे ₹३८,००० आणि चार्जरच्या वायरिंगचे ₹२७,००० मिळविले की वसुलीला बत्तीस महिने लागतात. शेठ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “आणि पेट्या परत आल्या तर त्याचे किती महिने?” ४६ पेट्यांचे ₹३१,००० मी हिशोबात धरलेच नव्हते. गाडी लिथियमची घ्यायची ठरली.

१० मे

अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर ₹१ लाख देऊन गाडी नोंदविली. मुहूर्ताच्या गडबडीत हमीपत्र नोंदणीनंतर वाचले, हे चुकले. बॅटरीची हमी पाच वर्षांची होती, पण खाली बारीक अक्षरात सभोवतालचे तापमान ४० अंशांपेक्षा जास्त असल्यास हमी लागू राहणार नाही असे लिहिले होते. ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी रोजची असते, तिथे या अटीने वर्षातील दोन महिने हमी नसल्यातच जमा होती. सभोवतालच्या तापमानाऐवजी बॅटरीच्या नियंत्रकात नोंदलेले तापमान ग्राह्य धरावे असे पत्र दिले. नंतरची भर : मान्य करायला त्यांनी अकरा दिवस घेतले. पैसे देण्याआधी मागितले असते तर बहुधा एका दिवसात मिळाले असते.

१५ जून

गाडी काल आली. आजचा दिवस ती वापरण्यायोग्य करण्यात गेला.

आतल्या कामासाठी वेग ताशी ८ किलोमीटरवर बांधून घेतला. पेडल दाबताच ही गाडी पूर्ण जोराने निघते, डिझेलसारखी आधी गुरगुरत नाही. अण्णांना पेडल सोडल्यावर गाडी आपोआप मंदावते हे अंगवळणी पडायला वेळ लागतो आहे. ते सवयीने ब्रेकही दाबतात आणि पॅलेटवरच्या वरच्या पेट्या पुढे सरकतात. दुपारी घड्या घालणाऱ्या एका ताईंच्या पाठीमागे गाडी हातभर अंतरावर येऊन थांबली आणि त्यांना ती आल्याचे कळलेच नाही. चौदा वर्षे त्या हॉलमधील सगळ्यांनी गाडी कानाने ओळखली होती. संध्याकाळीच पुढे-मागे निळ्या प्रकाशाचे दिवे बसविले, दोन्हींचे ₹४,८००. जमिनीवर पडणारा निळा ठिपका गाडीच्या चार-पाच मीटर पुढे चालतो. अण्णा तरीही तोंडाने “बाजू, बाजू” म्हणतात. ते बंद करायला मी सांगितलेले नाही.

चार्जिंग रात्री अकराला, दुसरी पाळी सुटल्यावर. आमच्या २०२४ च्या वीज बिलात रात्री १० ते सकाळी ६ युनिटला ₹१.५० सूट आहे. पंधरा युनिटांवर ती दिवसाला ₹२२.५० होते, त्यामुळे तिच्यासाठी कोणी जागावे असे नाही. खरा फायदा रात्रीच्या गारव्याचा.

२७ जून

दीड दिवस गाडी बंद होती आणि कारण पूर्णपणे आमचे. बाराव्याच दिवशी मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर तापल्याची सूचना आली. झाकण उघडले तर थंड करण्याच्या पट्ट्यांवर तुसाची गादी बसलेली. मागांची सफाई करतो तशीच, मी स्वतः कॉम्प्रेसरची नळी लावून फुंकर मारायला सांगितली. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते आणि ते सकाळी काढलेले नव्हते. तूस गेले, पण पाण्याचा फवारा कनेक्टरमध्ये शिरला आणि गाडी सुरूच होईना. कनेक्टर उघडून, वाळवून पुन्हा बसविल्यावर सुरू झाली. माणसाच्या येण्याचे ₹३,५००. आता दर पाळीला ब्रश लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने तूस ओढून घेतात, पाच मिनिटे लागतात. विजेच्या गाडीला देखभाल नसते असे सांगणाऱ्याने कापड गिरणी पाहिलेली नसते.

११ जुलै

डाव्या पुढच्या चाकापाशी तेलाचा थेंब दिसला. सुताच्या पेट्यांना आवळलेली प्लास्टिकची पट्टी कापल्यावर जमिनीवरच टाकतात. तशी एक पट्टी चाकाच्या आत गुंडाळली जाऊन सीलपर्यंत पोचली होती. पकडीने ओढून काढली तेव्हा ती चार हात लांब निघाली आणि उष्णतेने दोरीसारखी वळली होती. सील बदलण्याचे ₹४,२०० आणि अर्धा दिवस. सूत गोदामाच्या दारात पट्ट्यांसाठी जुने पिंप ठेवले आहे.

२६ जुलै

त्याच खांबावर, त्याच उंचीला १८ तारखेला दुसरा नॅपकिन लावला होता. तो पांढरा निघेल अशी माझी खात्री होती. निघाला तेव्हा हॉलकडची बाजू पांढरी होती, खिडकीकडची फिकट करडी. डिझेल गाडी आता आत येत नाही, मग हे आले कुठून म्हणून शोधले. दोन कामांच्या मध्ये ती गाडी पॅकिंग हॉलच्या खिडकीखाली, पिंपळाच्या सावलीत उभी राहते आणि सेल्फ अजूनही दुरुस्त केलेला नसल्यामुळे चालूच राहते. ‘आता ती अंगणापुरतीच’ म्हणून आम्ही तिचा खर्च टाळला होता. सेल्फ आणि तिची छोटी बॅटरी बदलली, ₹७,८००. उभी करण्याची जागा बॉयलरच्या पलीकडे नेली.

१९ सप्टेंबर

तीन महिन्यांचे आकडे. विजेची गाडी कामाच्या दिवसाला सरासरी १४.६ युनिट घेते. डिझेल गाडीला ऑगस्टपासून दिवसाला पाच लिटरच्या आत लागते. नवी गाडी एकूण दोन दिवस बंद राहिली, दोन्ही वेळा आमच्या चुकीने. पांढऱ्या मालाची एकही पेटी परत आलेली नाही. बॅटरी उन्हात कशी वागते ते पुढच्या मे महिन्याआधी कळणार नाही. नियंत्रकातील तापमानाची नोंद दर महिन्याला उतरवून ठेवत आहे, हमीसाठी ती लागेल.

रंगाई विभागात मिठाची थप्पी पुन्हा ४० पोत्यांची दिसली. भिंतीवर ३० पोत्यांच्या उंचीला लाल रेघ मारून घेतली आहे.

तिसरा नॅपकिन आज सकाळी काढला. त्यावर तूस तेवढे होते, झटकल्यावर गेले. मी तो फाइलमध्ये ठेवणार होतो, पण तोवर अण्णांनी त्याने गाडीची सीट पुसली होती.